फळीमागचे तीन ठोके

थापा मारण्यात आमच्या साइटवर माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो. पण चराच्या बाबतीत मी उभ्या जन्मात एकदाच खोटं बोललो, आणि त्या एका खोट्यावर पाच माणसं संध्याकाळी घरी जेवायला गेली.

चर म्हणजे पाइप टाकायला खणलेला लांबलचक खड्डा. आमचा बारा फूट खोल होता. दोन्ही अंगांना उभ्या फळ्या, आणि मातीच्या दाबाने त्या आत येऊ नयेत म्हणून मध्ये आडवे लाकडी टेकू, एकूण चौदा. मी मुकादम. सकाळी सगळ्यांच्या आधी मी खाली उतरायचो आणि छोट्या हातोडीने एकेक टेकू वाजवायचो. घट्ट टेकू टणकन बोलतो, सैल झालेला भद्द करतो. भद्द आला की पाचर ठोकल्याशिवाय मी कोणाला शिडीवर पाय ठेवू देत नसे. काठापासून दोन पावलांच्या आत मातीचा ढीग नाही, गाडी नाही, गप्पांचा फड तर मुळीच नाही. आणि एक नियम माझा स्वतःचा होता. फळीवर तीन ठोके ऐकू आले की हातातलं टाकायचं आणि वर यायचं. प्रश्न वर येऊन विचारायचे.

खाली पाइप जोडणाऱ्या पाच जणांत माझा जावई होता. लेकीला तेव्हा सहावा महिना लागलेला. जावई घरी मला बाबा म्हणायचा आणि साइटवर सगळ्यांसारखा मामा.

"मामा, लागतेय का टेकूंची नाडी?" तो काठावरून विचारायचा.

"लागतेय. तुझं डोकं तेवढं सापडत नाही. हेल्मेट घाल."

त्या सोमवारी नवव्या टेकूशी आलो, ठोका दिला. टणकन आवाज आला. मी पुढे सरकलो, आणि मागून तसाच एक टण पुन्हा आला. अरुंद जागेत आवाज घुमतो. मी दहावा वाजवला.

मंगळवारी नवव्यावर हातोडी टेकवली, तेव्हा दोन्ही आवाज एकदम आले. एक टेकूतून, एक फळीच्या पलीकडून. पलीकडे फावडं न लागलेली पिवळी माती होती. मी कान लावला. फळी गार होती आणि तिला ओल्या मातीचा वास होता. बस, तेवढंच.

बुधवारी मी हातोडी उचलली आणि हात अजून हवेत असतानाच आवाज आला.

मी हातोडी कमरेला खोचली आणि सगळं पुन्हा तपासलं. काठाला भेग नव्हती. पाणी झिरपत नव्हतं. पाचरी जागच्या जागी होत्या. ओळंबा लावून पाहिला, फळी सुतासारखी सरळ.

साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर. त्यांना आवाजाचं सांगितलं आणि म्हटलं, "आजचा दिवस नवव्याजवळ काम नको."

"भेग पडलीय का?"

"नाही."

"मग कारण काय लिहू? आवाज हातोडीच्या आधी आला?"

"तसंच लिहा की."

"मामा, दुपारपर्यंत जोडणी झाली पाहिजे," ते हसून म्हणाले. "तुमच्या गोष्टी जेवताना ऐकतो."

लांडगा आला रे म्हणून इतकी वर्षं मीच ओरडत आलो होतो.

पाच जण उतरले. मी काठावर शिडीच्या तोंडाशी उभा, तिथून हललो नाही. अकराच्या सुमारास चहा आला. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात बिस्किट.

तेव्हा ठोके आले.

टण. टण. टण.

खाली पाचही जण थांबले. जावयाने वर पाहिलं.

"मामा, तुम्ही वाजवलं?"

मी नाही म्हटलं असतं, तर खाली चर्चासत्र भरलं असतं. कोण म्हणेल उंदीर, कोण म्हणेल पाइप.

"मीच," मी म्हणालो. "वर या."

"दोन्ही हात भरलेत की तुमचे."

"वर येऊन विचार."

एक आला. दुसरा आला. तिसरा आणि चौथा कुरकुरत आले. जावयाने शिडीला हात घातला, आणि मागे वळला.

"लेव्हलपट्टी राहिली. नवी आहे."

तो नवव्या टेकूपाशी वाकला.

ठोके पुन्हा आले, या वेळी घाईने. मला काठावरून त्याच्या कानाजवळची फळी थरथरताना दिसली.

त्याने पट्टी टाकली.

त्याचा शेवटचा पाय शिडीवरून सुटला, तेव्हा नववा टेकू कण्हला.

मग चर नव्हताच. पिवळी माती होती, सपाट, आणि तिच्यातून शिडीचे दोन दांडे वर आलेले.

मी डोकी मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच. मग पाचही जण ओरडायला लागले, एकमेकांच्या पाठीत दणके घालायला लागले. मला खांद्यावर उचललं आणि वजन कळल्यावर लगेच खाली ठेवलं. साहेब हेल्मेट काढून मातीच्या ढिगावर बसले, आणि त्यांनी वहीत लिहिलं, "मुकादमाच्या सांगण्यावरून काम थांबवले." ते पान माझ्याकडे अजून आहे. लेकीला मुलगी झाली. जावई आज स्वतः मुकादम आहे आणि माझ्यापेक्षा खाष्ट आहे.

चर पुन्हा खणला, तेव्हा नवव्या टेकूची फळी मी मागून घेतली. मातीकडच्या अंगावर नऊ खळ्या होत्या. तीन सुट्या, तीन सारख्या अंतरावर, तीन वेड्यावाकड्या. साहेब म्हणाले, दगड दबले असतील. खळ्या गोल होत्या, माझ्या हातोडीच्या तोंडाएवढ्या. फक्त प्रत्येकीची डावी कड नखाएवढी तुटकी होती, आणि माझ्या हातोडीचं तोंड पूर्ण गोल होतं. मी मनाशी म्हटलं, दुसऱ्या कोणाची असेल.

त्याला अकरा वर्षं झाली. फळीचं मी भिंतीवर शेल्फ केलं, त्यावर नातीची पुस्तकं असतात.

परवा नातीच्या हातून माझी तीच हातोडी फरशीवर पडली. डावीकडून नखाएवढा टवका उडाला. मी पुस्तकं बाजूला केली, हातोडी एका खळीत ठेवली. झाकण बसावं तशी बसली.

मला भीती बिलकूल नाही. पाचही जण वर आलेले मी डोळ्यांनी पाहिलेत, म्हणजे फळीमागचं माझं काम चोख होणार आहे. लेकीला सांगून ठेवलंय, मी जाईन तेव्हा हातोडी माझ्याबरोबर द्यायची. ती म्हणते, बाबांची नवी थाप.

असेल. पण हल्ली दुपारी झोपून उठलो की दाढेखाली बारीक खडे करकरतात. चूळ भरली की पाणी पिवळं पडतं.