शलाकाच्या मुठीतला सत्तेचाळीस

समजा, पोरांनो, तुम्हीही त्या खोलीत बसला आहात. बदलापूरचा फ्लॅट, दिवाळीची संध्याकाळ. गॅलरीत कंदील हलतोय, मधोमध चकलीचं ताट, आणि जमलेल्या मित्रमंडळींच्या हातात तंबोल्याची तिकिटं. पिशवीतून नंबराच्या सोंगट्या काढतेय घरची यजमानीण शलाका. निघालेली सोंगटी पाटीवर लावायचं काम तिच्या भाचीचं, छोट्या सोनूचं. आता शलाकाच्या नजरेमागोमाग तुमचीही नजर जाऊ द्या... बघा, कुठे जाते!

दिपेशकडे. शेअर रिक्षात ओळख झालेला, आनंदनगरच्या कारखान्यात नोकरी करणारा दिपेश. खरं तर त्याच्यासाठीच तिने आजचा हा घाट घातला होता. आणि तो आला तो कारखान्यातल्या जिज्ञासाला घेऊन! आता ती त्याला खेटून, त्याच्याच तिकिटावर वाकून खुदूखुदू हसत होती.

"छप्पन्न!" शलाका खेकसली.

"अगं, नंबर सांगतेस की शिव्या देतेस?" कुणीतरी म्हणालं.

"दिपेशला एकच हवाय!" जिज्ञासा ओरडली. "सत्तेचाळीस काढ ना, प्लीज!"

शलाकाने पिशवीत हात घातला. आला तो सत्तेचाळीसच. आता दोघं जिंकणार, एकमेकांना टाळ्या देणार... तिने मूठ आवळली आणि दुसऱ्या हाताने दुसरीच सोंगटी काढली. "बारा!"

"फुल हाऊस," दिपेश शांतपणे म्हणाला आणि तिकीट तपासून घ्यायला थेट तिच्यासमोर येऊन बसला.

"तुझा सत्तेचाळीस अजून आलेला नाही."

"आलाय... तुझ्या डाव्या मुठीत आहे."

तिचे कान तापले. "तू तिकीट बघत होतास की माझे हात?"

"तिकीट कसलं बघतोय!" मागून जिज्ञासा वैतागली. "आल्यापासून तुझ्याकडेच टक लावून बसलाय येडा. याचे नंबर मीच खोडतेय. एकट्याने यायची हिंमत नाही, म्हणून मला ओढत आणलंय!"

दिपेशने मान खाली घातली. "आज सांगणारच होतो... आवडतेस तू मला. पण तू तर माझ्यावर चिडलीस."

"चिडले नव्हते," शलाका पुटपुटली. "जळत होते."

सोनूला या बोलण्याशी काही घेणंदेणं नव्हतं; तिचा खेळ थांबला होता. तिने मावशीचं एकेक बोट उघडलं, सत्तेचाळीस पाटीवर लावला आणि पिशवी हिसकावली.

"चीटिंग करणाऱ्याने नंबर काढायचे नाहीत! मावशी, तू तिकडे बस, दादाच्या शेजारी."

आणि दुसऱ्या फुल हाऊससाठी घसा ताणून तिने पुढचा नंबर पुकारला.