ओल्या पट्ट्यांवरून

रविवारी सकाळी साडेसहाला रस्त्यावर चिटपाखरूही नसतं, असं दादाने तिला सांगितलं होतं. म्हणूनच पहिल्यांदा एकटीने गाडी काढायला तिने ती वेळ निवडली. लायसन्स हातात येऊन चार दिवस झाले होते. आरसे ठीक, पट्टा लावलेला, हँडब्रेक खाली… सगळं तिने स्वतःशीच, पण मोठ्याने म्हटलं आणि गाडी अशी हाकली की शेजारून गेलेल्या सायकलवाल्याने दोनदा वळून पाहिलं. घरात तिचं नाव ‘गोगलगाय’ उगाच पडलेलं नव्हतं.

बेकरीमागच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागताना ती रेघेवर थांबली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. कोणी नाही. ती वळली… आणि एक माणूस दोन्ही हात पसरून गाडीसमोर आला.

“थांबा!”

तिने करकचून ब्रेक मारला. तो धावत खिडकीपाशी आला. उन्हाने रापलेला चेहरा, कपाळावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, आणि डोळे असे, की रागावलेत की हसतायत ते कळू नये.

“अहो, कुठे थांबलाय बघा तरी—”

तिने पाहिलं. गाडीखाली झेब्रा क्रॉसिंग होतं. चांगलं पांढरंशुभ्र. तिच्या कानात मोटार ट्रेनिंग स्कूलचे सर बोलू लागले: झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी करणे हा गुन्हा आहे, पान एकोणीस.

“सॉरी,” ती कळवळून म्हणाली, “इथे थांबता येत नाही.”

आणि ती निघून गेली.

आता खरं सांगायचं तर पुस्तकाप्रमाणे तिचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त ते पट्टे ओले होते. हे तिला घरी पोचल्यावर कळलं, तेही दादाकडून. तो फाटकाशी चहाचा कप घेऊन उभा होता.

“गोगलगाय, रेघ ओढत आलीस की तू,” तो म्हणाला.

तिने मागे वळून पाहिलं. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत चाकांच्या दोन पांढऱ्या रेघा आल्या होत्या. वाटेत त्या फिकट होत गेल्या होत्या, पण गाडी कुठे गेली हे आंधळ्यालाही कळलं असतं. ती बादली शोधायला धावली.

कारण असं होतं. ती वाचनालयात काउंटरवर बसून पुस्तकांवर परतीच्या तारखा मारायची. तीन वर्षं तेच. फिरत्या वाचनालयाची निळी व्हॅन चालवणारे काका या महिन्यात निवृत्त होत होते आणि त्या व्हॅनवर तिचा जीव कधीचा जडलेला होता. शहराच्या टोकांपर्यंत जायचं, दार उघडायचं, पुस्तकं मांडायची, माणसं जमायची. वाचनालयाच्या मुख्य मॅडम हो म्हणाल्या होत्या, पण एका अटीवर: लायसन्सवर एकही गुन्हा नको. आणि नव्या चालकांसाठी नियम कडक होता. पहिल्या वर्षात एक जरी नोंद झाली, तर लायसन्स सहा महिने बंद. रस्ते विभागाने पोलिसांना नुसता गाडीचा नंबर कळवायचा अवकाश, की संपलंच. व्हॅन पुढच्या सोमवारपासून मिळणार होती.

ती बादली आणि ब्रश घेऊन टायर घासत बसली होती, तेवढ्यात आई बाहेर आली.

“कोणीतरी रंगाचा माणूस आलाय गं. आपण घर रंगवायला काढलंय का?”

तोच होता. हातात एक डबा आणि चिंध्यांचं बोचकं.

“पाण्याने निघायचं नाही ते,” तो म्हणाला आणि सरळ चाकापाशी उकिडवा बसला. “अर्ध्या तासात दगड होतो याचा. सरका जरा.”

“तुम्ही माझा माग कसा काढलात?”

“माग कसला काढायचाय… तुम्ही रस्त्यावर पत्ताच लिहून गेलात.”

“आणि आता नंबर लिहून घेणार ना?”

“नंबर कशाला लिहायचा? पाठ झालाय माझा.” त्याने तिच्याकडे न पाहता चिंधी पुढे केली. “गालावर लागलाय रंग.”

तिने गाल पुसला. त्याने मान हलवली आणि स्वतःच्या दुसऱ्या गालावर बोट ठेवलं. तिने दुसरा पुसला. तो पहिल्यांदा हसला, आणि डोळे रागावलेले नव्हतेच, हा एक निकाल लागला.

चार चाकांपैकी तीन त्याने पुसली, एक तिने. बोलता बोलता कळलं, की तो रस्त्यावर पट्टे मारणाऱ्या टोळीचा मुकादम आहे आणि मुकादम होऊन त्याला जेमतेम महिना झालाय.

“पण तुम्ही आलात कुठून?” त्याने विचारलं. “रस्त्याच्या दोन्ही टोकांना नारंगी कोन लावले होते. रस्ता बंद होता.”

“बेकरीमागच्या गल्लीतून.”

त्याचा हात थांबला.

“गल्लीच्या तोंडाशी कोन नव्हते?”

“मला नाही दिसले… पण मी उजवीकडे पाहिलं होतं, डावीकडे पाहिलं—”

“पुन्हा उजवीकडे पाहिलं,” तो सावकाश म्हणाला.

“हो.”

तो उठला. चेहरा पार उतरला होता. डब्याचं झाकण लावलं, “येतो,” एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कोन असणारच, आपल्यालाच दिसले नाहीत, अशी तिची खात्री पटली. नव्या चालकाला काय, आरशात दिसतं त्याचाही भरवसा वाटत नाही. आणि त्याने गल्लीची चौकशी केली ती अहवालात लिहायलाच, दुसरं काय.

सोमवार, मंगळवार, बुधवार असेच गेले. वाचनालयाच्या दारात बूट वाजले की तिच्या हातातला शिक्का वाकडा पडायचा. पोलीस आला असेल असं वाटायचं. आणि पोलीस नसेल, तर तो असेल असंही वाटायचं. एकाच माणसाची भीतीही वाटावी आणि वाटही पाहावी, हे काही बरं लक्षण नव्हतं, हे तिलाही कळत होतं. दर वेळी एखादा वाचकच निघायचा.

गुरुवारी सकाळी मॅडमनी छापील कागद पुढे ठेवला. “व्हॅनचा कागद. माझ्या लायसन्सवर एकही गुन्हा नाही, असं खाली लिहिलंय. उद्यापर्यंत सही करून दे.”

तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं. तांत्रिकदृष्ट्या अजून नोंद झालेली नव्हती. सही करायला कोणाची हरकत नव्हती. पण सरांच्या पुस्तकात पान तेवीसही होतं, आणि ते तिला पान एकोणीसइतकंच पाठ होतं: चूक झाली तर थांबायचं, उतरायचं, सांगायचं. ती धड थांबली नव्हती, उतरली नव्हती आणि सांगितलंही नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिने एक अर्ज लिहिला आणि रस्ते विभागाच्या आवारात गेली.

आवारात रंगाची पिंपं होती, भिंतीला टेकवलेले, बाणांचे आकार कापलेले मोठे पत्रे होते, आणि पोत्यांमधून काचेचे बारीक मणी सांडले होते. रंगावर ते पेरतात, म्हणजे पट्टे दिव्यात चमकतात. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती आत गेली आणि जागीच थबकली. टेबलासमोर मुकादम उभा होता, मान खाली घालून.

“काय काम आहे?” साहेबांनी विचारलं.

“रविवारचे पट्टे… ते मी खराब केले,” ती म्हणाली आणि अर्ज टेबलावर ठेवला. “कोन होते, मला दिसले नाहीत. आणि यांनी थांबवलं तरी मी निघून गेले.”

“खोटं आहे ते, साहेब,” मुकादम म्हणाला.

“खोटं कशाला सांगू?”

“कोन नव्हतेच. गल्लीचे दोन कोन टेम्पोतच राहिले, मीच विसरलो. तेच लिहून दिलंय यात.”

साहेबांनी एक कागद डाव्या हातात धरला, एक उजव्या. चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“पंचवीस वर्षं या खुर्चीत बसलोय,” ते म्हणाले. “रस्ता खराब झाला की एक गुन्हेगार सापडत नाही. आज एका झेब्र्याला दोन आलेत.”

कोणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती.

“बाई, रस्ता बंद आहे हे सांगायला तिथे काही नव्हतं, तेव्हा तुमच्यावर गुन्हा नाही. पण एक सांगा. यांनी थांबवल्यावर पळालात का?”

“झेब्रा क्रॉसिंगवर थांबता येत नाही, साहेब. पान एकोणीस.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मुकादमाकडे वळून म्हणाले, “बघा. नियम असे पाठ हवेत. तुम्हाला साधे कोन आठवत नाहीत.”

तिचा जीव भांड्यात पडला. न विचारताच ती समोरच्या खुर्चीत बसली. “मी चार दिवस धड जेवले नाहीये,” ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली.

“मीही,” मुकादम म्हणाला. “आज अहवालाचा दिवस. परत ब्रश हातात देतील, असं धरूनच आलो होतो.”

“मग तुम्ही माझाच नंबर का नाही दिलात?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही तीनदा बघून आला होतात,” तो म्हणाला. “मी एकदाही बघितलं नव्हतं.”

साहेब खाकरले. निकाल असा लागला, की मुकादमकी राहील, पण येत्या रविवारी ते पट्टे त्याने एकट्याने, स्वतःच्या हाताने पुन्हा मारायचे.

“आणि गल्लीच्या तोंडाशी कोन घेऊन कोण उभं राहणार?” साहेबांनी विचारलं.

तिचा हात आपोआप वर गेला.

शुक्रवारी तिने कागदावर सही केली. अक्षर इतकं ठसठशीत आलं, की मॅडमनी कागद उजेडात धरून पाहिला.

रविवारी ती सहा वाजताच हजर होती. गल्लीच्या तोंडाशी दोन नारंगी कोन, मध्ये ती, हातात लाल झेंडी. एक दूधवाला आणि एक मांजर, एवढेच आले. दोघांनाही तिने परत पाठवलं. तो गुडघ्यांवर बसून पट्ट्यामागून पट्टा ओढत होता आणि अधूनमधून आभाळाकडे बघत होता. पूर्वेला ढग आले होते.

“पाऊस आला तर?” तिने विचारलं.

“तर ओला रंग धरायचा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा मारावे लागतील.” त्याने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि तिथे बरोब्बर एक पांढरा ठिपका उमटला. “म्हणून देवाला म्हणतोय, अर्धा तास थांब.”

“आणि मी उलटं म्हणतेय,” ती बोलून गेली.

ब्रश थांबला. तिने झेंडीची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

“म्हणजे… पुढच्या रविवारी मला वेळ आहे, एवढंच,” ती म्हणाली.

“मलाही आहे,” तो पट्ट्याकडे बघत म्हणाला. मग त्याने पुढचा पट्टा ओढायला घेतला. पाऊस काही आला नाही. पट्टे वाळले, त्याने कोन टेम्पोत ठेवले, ती घरी गेली. जे बोलायचं ते दोघांच्याही तोंडात राहिलं, आणि दिवसभर ती स्वतःवर चिडचिड करत राहिली. लायसन्स वाचलं, व्हॅन मिळाली, तरी काहीतरी हातचं सुटल्यासारखं का वाटतंय, हे तिला पक्कं माहीत होतं. तो तिला आवडला होता, आणि हे सांगायचं पान कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

सोमवारी सकाळी निळी व्हॅन घेऊन ती पहिल्या फेरीला निघाली. त्या रस्त्याला लागली आणि लांबूनच तिने वेग कमी केला. पट्ट्यांच्या कडेला कोणीतरी उभं होतं. पट्ट्यांवर माणूस असेल तर आधी माणूस, मग गाडी. ती रेघेच्या अलीकडे थांबली.

तो चालत निघाला आणि बरोब्बर मधोमध, व्हॅनसमोर येऊन उभा राहिला.

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अहो, इथे थांबता येत नाही.”

“माहितीये. पान एकोणीस.” तो हसत नव्हता. “मग कुठे थांबू, तेवढं सांगा.”

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. तिला वाटलं होतं, ही वेळ आली तर आपल्या तोंडातून शब्द फुटणार नाहीत. पण ते सहज आले.

“व्हॅन साडेपाचला वाचनालयात परत येते,” ती म्हणाली. “तिथे थांबा. आजही थांबा, उद्याही थांबा… रोजच थांबलात तरी चालेल मला.”

“नक्की? सही करून द्याल?”

“तीनदा बघून सांगतेय.”

तो हसला. डोळे, तोंड, कपाळ, सगळंच हसलं. मग तो बाजूला झाला आणि पलीकडे गेला. रिक्षावाल्याने हॉर्न पुन्हा दिला, तरी तिने घाई केली नाही. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. तो तिथेच फूटपाथवर उभा होता. तिने गाडी पुढे घेतली. पट्टे वाळलेले होते, आणि मागे आरशात एकही डाग दिसला नाही.