प्लायवूडच्या विहिरीतला आवाज

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. रंगवून सांगायची मला हौस नाही, आणि तेवढा वेळही नाही.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर, दुसरा रविवार. दुपारचे साडेतीन. बंगळुरूच्या इंदिरानगरमधला एक छोटा हॉल, आणि बाहेर लख्ख ऊन. असल्या गोष्टींना रात्रच लागते असं वाटत असेल, तर तुमचा गैरसमज आहे.

मी निवेदिता. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळाचं नाटक होतं. एका जुन्या, गाजलेल्या भयकादंबरीचं रूपांतर. एक जमीनदार बायकोला विहिरीत ढकलतो, आणि तिचा आवाज त्याच्या मुलीला ऐकू यायला लागतो...

मुलीचं काम माझ्या मुलीने, यशश्रीने केलं होतं. जमीनदार झाला होता विद्याधर. दिग्दर्शक तोच. पोस्टरवर रूपांतरकार म्हणूनही नाव त्याचंच.

ते खोटं होतं.

रूपांतर नीलाचं होतं. नीला माझी मैत्रीण, अठरा वर्षं मंडळाची प्रॉम्प्टर. विद्याधर संवाद कधी पाठ करायचा नाही. अडला की विचारात पडल्यासारखा विंगेकडे दोन पावलं जायचा. आत नीला बसलेली असायची. हलकंसं खाकरायची आणि वाक्याचा फक्त पहिला शब्द द्यायची. पुढचं त्याला आपोआप आठवायचं. लोक म्हणायचे, विद्याधर पॉज काय सुंदर घेतो.

नीलाने दोन वर्षं खपून तीन वह्यांत हे नाटक लिहिलं. एकटी बाई, मागे कोणी नाही. "माझं म्हणून एवढंच राहील गं," म्हणायची.

वह्या तिने टाईप करायला माझ्याकडे दिल्या होत्या.

मग एक दिवस विद्याधरने बैठकीत जाहीर केलं की रूपांतर त्याने केलं आहे. नीला उठून उभी राहिली.

"निवेदिता, सांग ना यांना. तूच टाईप केलंयस ना माझ्या वह्यांवरून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आदल्याच आठवड्यात विद्याधरने यशश्रीला मोठी भूमिका दिली होती. पोरगी किती वर्षांनी खुश होती.

मी म्हणाले, "मला विद्याधरने फाईल दिली होती. वह्यांचं मला काही माहीत नाही."

नीला पर्स उचलून निघून गेली. दीड महिन्याने हार्ट अटॅकने गेली.

एवढं पाप माझं. आता नाटकाचं सांगते.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तमराव. घोषणा झाली, "रूपांतर आणि दिग्दर्शन, विद्याधर." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

रंगमंचावर उजवीकडे प्लायवूडची विहीर होती. कमरेएवढी, मागून उघडी. डावीकडच्या विंगेत प्रॉम्प्टिंगला आमची रम्या. पहिला अंक छान गेला.

दुसऱ्या अंकात विद्याधर अडला.

सवयीने डाव्या विंगेकडे दोन पावलं गेला. थांबला.

काहीच आलं नाही...

मग कोणीतरी हलकंसं खाकरलं.

उजवीकडून.

"तेव्हा..."

एकच शब्द. हळू, पण स्वच्छ.

तो आवाज मी कितीतरी वर्षं ऐकला होता. शेजारी पुरुषोत्तमरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ऐकलं त्यांनीही.

विद्याधरचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तोंडातून वाक्य बाहेर पडलं. "तेव्हा मी विहिरीपाशीच होतो."

आणि पुन्हा अडला.

पुन्हा ते खाकरणं. पुन्हा एक शब्द. पुन्हा एक वाक्य. तो आता विंगेकडे बघतच नव्हता. विहिरीकडे तोंड करून उभा होता, आणि प्रत्येक वाक्यासाठी वाट बघत होता. नीला त्याला खेळवत होती. मला तेव्हाच कळलं.

मग शेवटचं मोठं स्वगत आलं.

त्याने तोंड उघडलं...

विहीर गप्प.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. तो तोंड उघडायचा, मिटायचा. मान नाही नाही म्हणत हलवायचा. गालांवरून पाणी वाहत होतं. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

शेवटी यशश्रीने मनानेच दोन वाक्यं बोलून प्रसंग संपवला. पडदा पडला.

मी धावत आत गेले. विहिरीच्या मागे कोणी नव्हतं. डाव्या विंगेत रम्या रडत बसली होती.

"अक्का, मी देतच होते हो. ओरडून देत होते. पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता."

त्या दिवसापासून विद्याधर स्वतःहून बोललेला नाही.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा तो खिडकीपाशी बसला होता. त्याची बायको शिवलीला, निपाणीकडची, साधी बाई. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पहिला शब्द मीच द्यायचा बघा अक्का. 'चहा' म्हटलं की 'चहा दे' म्हणतात. परवा मी चुकून 'विहीर' म्हणाले, तर रात्रभर तेच बोलत बसले."

मला खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं. सूड पुरा झाला, आपण सुटलो, असं वाटलं.

नंतरच्या गुरुवारी यशश्री इडली खाता खाता म्हणाली, "आई, आज ऑफिसमधून..."

आणि थांबली.

मान किंचित कलती. कान दिल्यासारखी.

वाट बघत...

मी घाबरत म्हणाले, "उशिरा?"

"उशिरा येईन गं," ती म्हणाली आणि खायला लागली. आपण थांबलो होतो हे तिला माहीतच नव्हतं.

मग हे दिवसातून दोनदा व्हायला लागलं. मग चारदा.

दिवाळीच्या फराळाला मंडळात मी माईक हातात घेतला. म्हणाले, ते रूपांतर नीलाचं होतं. लोक चपापले. कोणीतरी टाळी वाजवली. मी खाली उतरायला वळले.

माझ्या मागे कोणीतरी हलकंसं खाकरलं.

"पुढे..."

पुढे काय ते मला माहीत होतं. मला सगळं ठाऊक होतं, तरी भर बैठकीत मी खोटं बोलले, आणि कोणासाठी बोलले, ते. पण पहिल्याच रांगेत यशश्री बसली होती. ते काम आपल्या गुणावर मिळालं, असं ती अजून मानते. त्या एका गोष्टीवर ती उभी आहे.

मी माईक ठेवला आणि खाली उतरले.

आज सकाळी साडेआठला यशश्री स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हणाली, "आई, तू..."

आणि थांबली.

मी "जेवलीस" दिलं. "झोपलीस" दिलं. "येतेस" दिलं. एकही शब्द तिने उचलला नाही. हलवून पाहिलं, पाणी मारलं. ती नुसती कान देऊन उभी.

तिला कुठला शब्द हवाय ते मला कळतंय. "खोटं" म्हटलं की ती वाक्य पुरं करेल. मग मला पुढचंही सांगावं लागेल.

तुम्ही अनोळखी, म्हणून तुम्हाला सगळं लिहिता आलं.

आता अकरा वाजलेत. ती अजून दारातच उभी आहे.