रिकाम्या ट्रकचं ओझं

दादाच्या वर्कशॉपमध्ये सैन्याचा जुना ट्रक आला, तेव्हा सुरुवातीला त्याची फक्त थट्टाच झाली. आठ चाकांचं ते धूड फाटकातून आत घेताना भिंतीचा कोपरा ढासळला.

"जावईबापू आले," वहिनी म्हणाली. "आता अंगण त्यांचंच. आपण आपलं सांदीकोपऱ्यात राहायचं."

ट्रकवर एके काळी रॉकेट सोडायच्या नळ्यांचा जुडगा असायचा. लिलावाआधी तो उतरवून घेतला होता. उरला होता नुसता सांगाडा, आणि ज्यावर त्या नळ्या फिरायच्या ती लोखंडी चौकट. दादाला तिच्या जागी क्रेन बसवायची होती. पण चौकटीखालचं कडं गंजून असं धरलं होतं, की मिस्त्रीने पहार घालून जोर लावला तर पहारच वाकली.

दादाने बहिणीला बोलावलं ते मात्र वेगळ्याच कारणाने. चिमाताई एका प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या घ्यायची. लोखंडाचं काही अडलं की दादाला तीच आठवायची. ती राहायचीही शेजारीच. लेक नर्सिंग शिकायला नदीपलीकडच्या वसतिगृहात गेल्यापासून तिला घर खायला उठायचं, म्हणून तीही लगेच आली.

"चिमे, हे बघ." दादा मागच्या चाकाशी उकिडवा बसला. "पाठीवर काडी नाही, आणि कंबर बघ कशी बसलीये."

मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले होते. पूर्ण माल भरल्यावर होतात तसे.

"दमलेत पाटे. बदलून टाक."

"बदलले. हे नवेच आहेत."

तिने वाकून पाहिलं. पाट्यांवरचा रंग अजून ओला वाटावा इतका ताजा होता.

ट्रक वजनकाट्यावर नेला. वजन भरलं ते रिकाम्या ट्रकचंच. परत आणला तर पाटे तसेच दबलेले. दोन मोजमापं एकमेकांशी भांडत असतील तर त्यातलं एक चुकलेलं असतं, अशी तिची आजवरची समजूत होती. तिने दोन्ही पुन्हा घेतली. दोन्ही बरोबर होती.

दुसऱ्या सकाळी मिस्त्रीने तिला कुंपणावरूनच हाक मारली. "ताई, कडं कुणी फिरवलं?"

कालपर्यंत नाकासमोर केबिनकडे रोखलेली चौकट जराशी डावीकडे वळली होती.

"दादाने फिरवलं असेल."

"मी?" दादा हसला. "त्या ट्रकच्या आधी माझी कंबर बसलीये."

ती शिडी लावून वर चढली. गंजाचं पापुद्र्यासारखं कवच कड्याभोवती जसंच्या तसं होतं, कुठेही तडा नव्हता. तिने कड्यावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून खडूची एक उभी रेघ ओढली. पुढच्या सकाळी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले होते. त्याच्या पुढच्या सकाळी आणखी.

कामगार जेवायला ट्रकच्या सावलीत बसायचे, ते उन्हात बसायला लागले. तिने कारण विचारलं. मिस्त्री तेवढा बोलला. "मागे कुणी येऊन उभं राहिलं की कळतं ना ताई, न बघताही? तसं होतं."

मग एके दिवशी रेघ सरकायची थांबली. चौकटीचं पुढचं टोक थोडं वर उचललं गेलं होतं, एवढाच फरक.

"बसलं एकदाचं जागेवर," दादा म्हणाला.

चिमाताई ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली आणि चौकटीच्या दोन कडांमधून तिने नजर लावली. भिंत. पाण्याची टाकी. नदीवरचा पूल. त्याच्यापलीकडे रुग्णालयाची पांढरी इमारत, आणि तिला चिकटून वसतिगृहाची गच्ची.

कुठूनही रेघ ओढली तरी ती कशाला ना कशाला लागतेच, असं तिने स्वतःला बजावलं. मग ती दादाकडे गेली.

"दादा, ट्रक फिरवून ठेव. तोंड टेकडीकडे कर."

"का गं?"

"सांगता येणार नाही."

दादाने हातातलं फडकं खाली ठेवलं. कारण सांगितल्याशिवाय त्याच्या बहिणीने जन्मात काही मागितलं नव्हतं. "मिस्त्री," तो म्हणाला, "चावी."

भर दुपारी इंजिन सुरू झालं. काळा धूर सोडत ट्रक पुढे-मागे होत वळू लागला. केबिनचं तोंड हळूहळू टेकडीकडे गेलं. आणि ट्रक जितका वळत गेला, तितकीच चौकट उलट्या बाजूने वळत गेली. घर्षणाचा साधा आवाजही न करता, होकायंत्राच्या काट्यासारखी.

ट्रक थांबला, तेव्हा चौकट नदीकडेच बघत होती.

दादा खाली उतरला. "बंद केलंय मी इंजिन," तो म्हणाला.

ट्रकला हिसका बसला.

आवाज झाला नाही. चौकटीच्या मागच्या बाजूची धूळ भिंतीएवढी उठली. दोरीवरचे वहिनीचे कपडे आडवे झाले, आणि पुन्हा लोंबले.

पाटे बोटभर वर आले होते.

मग दुसरा हिसका. पाटे आणखी वर.

मग तिसरा.

कुणी ओरडलं नाही. कुणी पळालंही नाही. ट्रक दर हिसक्यासरशी हलका होत गेला.

शेवटी तो रिकाम्या ट्रकने उभं राहावं तसा, ताठ उभा राहिला.

वर गेलेलं खाली यायला वेळ लागतो, एवढं एकच चिमाताईच्या डोक्यात होतं. तिने फोन लावला.

"पिल्लू, कुठे आहेस?"

"गच्चीवर." लेकीचा आवाज नेहमीसारखाच होता. "गंमतच झालीये बघ आई. सगळ्याच वर आल्यात. वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा. खाली रस्त्यावर पण माणसं थांबलीत, आणि सगळे वर बघतायत."

"काय दिसतंय?"

"काहीच नाही. नुसतं निळं आभाळ."

"खाली ये. आत्ताच्या आत्ता जिन्याकडे जा."



"आई, सगळ्यांनी कान झाकून घेतलेत गं."

"तू जिन्याकडे जा, पिल्लू! ऐकतेस ना?"

"हो," लेक शांतपणे म्हणाली. "थांब हं, फोन खाली ठेवते. मला दोन्ही हात लागतील."