ड्रॅगनच्या पोटाखाली

त्यांची पहिली भेट झाली तेव्हा दोघंही पुतळे होऊन उभे होते.

गेममध्ये, अर्थात. काळ्या डोंगरावरच्या ड्रॅगनने डरकाळी फोडली की समोरच्याचे हातपाय जागच्या जागी थिजत. पळता येत नसे, तलवार उचलता येत नसे. मग तो सावकाश यायचा, आगीची एक फुंकर घालायचा… संपलं. हेडफोनमधून तेवढं बोलता यायचं.

“हलू नका हं,” शेजारी थिजलेला अनोळखी धनुर्धारी म्हणाला.

“हलता आलं असतं तर तुमच्याशी बोलत बसले असते का?”

तो हसला… आणि दोघंही जळून खाक झाले.

गेममध्ये तिचं नाव रंधा, कारण बाबांच्या सुतारकारखान्यात रंधा मारायचं नि पॉलिशचं काम तिच्याकडे होतं. त्याचं नाव चिमटा, कारण तो घड्याळं दुरुस्त करायचा. आणि तेही तिच्याच गावात, बाजाराच्या कोपऱ्यावर!

मग रोज संध्याकाळी काळा डोंगर ठरलेला. ड्रॅगनने छाती फुगवली की चिमटा जीव घेऊन लांब पळायचा आणि तिथेच थिजायचा.

“पळतोस कशाला रे?” एकदा ती वैतागलीच. “आमच्याकडे पण एक डरकाळी आहे. बाबा! करवतीच्या यंत्रापाशी उभं राहून राहून त्यांचे कान गेलेत. लांबून बोललेलं ऐकू येत नाही, मग ओरडतात. गिऱ्हाईक उंबऱ्यावरच गार. पण खांद्याला खांदा लावून उभं राहा – अगदी गरीब गाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे याने छाती फुगवली की माझ्यामागून ये. सरळ पोटाखाली.”

दोघं घुसले. डरकाळी डोक्यावरून गेली. पलीकडची झाडं वाकली, यांचा केससुद्धा हलला नाही. तिची तलवार चालली, त्याचे बाण सुटले आणि ते भलंमोठं धूड आडवं झालं.

“आता काय मारायचं?”

“आता भेटायचं,” ती म्हणाली. आढेवेढे घेणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

भेटले. त्याने तिचं मनगटावरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं आणि मनगट मात्र सोडेना.

“काटा चालतो की नाही ते बघायला हात धरावा लागतो?”

“चांगल्या घड्याळाला लागतो.”

अशा बऱ्याच भेटी झाल्या. शेवटी तीच म्हणाली, “बाबांना भेट.” म्हणाली खरी, पण आत कुठेतरी कळ आली. याआधी एक जण कारखान्याच्या उंबऱ्यावरूनच परत फिरला होता. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हा फिरला तर…?

तो आला. भांग पाडून.

“कोण आहे रे तिकडेऽऽ?”

चिमटा उंबऱ्यावर थिजला. एक पाऊल मागे गेलं…

“पोटाखाली!” अर्धवट पॉलिश केलेल्या कपाटामागून ती ओरडली. बाबांना ऐकू जायची भीती नव्हतीच.

त्याने श्वास घेतला. भुसा तुडवत सरळ आत आला आणि बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

“हं, बोल बाळा,” बाबा हळुवार म्हणाले. “काय काम काढलंस?”

“मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय.”

बाबांनी यंत्र बंद केलं. चार पावलं मागे सरून त्याला नीट न्याहाळलं. “तिला विचारलंस?”

चिमट्याचा चेहरा पांढराफटक. ड्रॅगन लोळवला, बाबांना गाठलं… आणि नेमकं हेच राहिलं होतं!

“अरे, आता तर कोणी ओरडलंही नाही,” ती हात पुसत त्याच्या अगदी जवळ आली. “मग? विचार ना.”

“…करशील?”

तिने हलकेच फुंकर मारून त्याच्या खांद्यावरचा भुसा उडवला. “करेन की. इतके दिवस लांब कशाला उभा होतास?”

“काय म्हणाली रेऽऽ?” बाबांनी डरकाळी फोडली.

या वेळी कोणीच थिजलं नाही. दोघंही हसत त्यांच्या दोन्ही खांद्यांना जाऊन भिडले.