सफाचट

जहाजावरचा आचारी बाबल खुर्चीत मान खाली घालून बसला आणि डॉक्टर सुनेत्रा पागधरे यांनी त्याच्या डोक्यावरचा एक केस चिमट्याने मुळाशी धरून उपटला. बाबलचा फक्त डावा डोळा जरा लवला. यंत्र कामाला लावण्यापूर्वी ते बरोबर वाचतं की नाही हे रोज पडताळावं लागे, आणि त्यासाठी बाबल आपणहून डोकं पुढे करी.

सुनेत्राने केस काचपट्टीवर ताणून बसवला आणि पट्टी केसवाचकात सरकवली. केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. वाढताना त्या-त्या दिवशी रक्तात जे असेल ते त्याच्या थरात अडकून राहतं; नखांतही तसंच होतं. लेझरचा बारीक किरण ते थर एकेक करून उघडी आणि पडद्यावर माणसाच्या गेल्या काही महिन्यांचा आलेख उमटे. उपासमार वेगळी दिसे, आजारपण वेगळं, भीती वेगळी. अपघात आणि मारहाण यांतला फरकही कळे. अपघातात आधी दुखापत होते, मग माणूस घाबरतो. मारहाणीत भीती आधी येते.

बाबलच्या आलेखात मार्चच्या मध्याला एक खोल दरी होती. काय झालं होतं, असं सुनेत्राने विचारलं. आई गेली, असं बाबल म्हणाला. जहाजावर त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मग तो उठला आणि वर जेवणाच्या तयारीला गेला, कारण आज सहा देशांचे मंत्री यायचे होते.

'सौहार्द' हे जहाज दोन शेजारी देशांच्या सागरी सीमेवर नांगर टाकून उभं होतं. सहा सरकारांनी मिळून मानवाधिकारांचा करार केला होता. एकमेकांच्या तुरुंगांतले मच्छीमार परत करायचे, परत करताना प्रत्येकाचं केसवाचन करायचं आणि ते सहाही देशांसमोर उघड ठेवायचं. कोठडीत कुणाला हात लावला असेल तर त्या सरकारने जाब द्यायचा. सुनेत्राने या यंत्रावर नऊ वर्षं घालवली होती. तिचे वडील आणि दोन्ही काका समुद्रावर जाणारे. सीमा ओलांडली म्हणून धरलेली माणसं परत येतात तेव्हा काही बोलत नाहीत, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. माणूस नाही बोलला तरी केस बोलेल, एवढीच तिची कल्पना होती. आज पहिली अदलाबदल होती.

साडेदहाला पलीकडची बोट लागली. शिडीवरून वीस मच्छीमार एकामागून एक वर आले आणि सुनेत्राच्या हातातला चिमटा हातातच राहिला.

विसाच्या वीस जणांची डोकी सफाचट होती. भुवया नव्हत्या. दाढी-मिशा नव्हत्या. तिने पहिल्याला सदरा वर करायला सांगितला, तर छाती, काखा, हातपाय, सगळं सोलल्यासारखं गुळगुळीत. नखं इतकी खोल कापलेली की बोटांच्या टोकांना रक्त साकळलं होतं. अंगाला कसल्याशा जंतुनाशकाचा गोडसर वास येत होता. माणसं नजर वर न करता ओळीने बाकावर बसली.

ती तडक समोरच्या खोलीत गेली. तिथे पलीकडच्या देशाच्या डॉक्टर नाहीद होत्या आणि सुनेत्राच्या देशातल्या तुरुंगातून सोडलेले सोळा जण त्यांच्यापुढे बसले होते. तेही तसेच. तीच डोकी, तीच बोटं, तोच गोडसर वास. सुनेत्राच्या कोटावरचं सरकारी चिन्ह पाहून कडेच्या म्हाताऱ्याने दोन्ही पाय झटकन बाकाखाली ओढून घेतले आणि तळवे झाकले. त्याचा एकही केस वाचण्याची गरज उरली नाही.

नाहीदनी हातातला कागद तिच्याकडे दिला. कराराचं परिशिष्ट सात, आरोग्यरक्षण; सुनेत्राने ते आजवर पाहिलं नव्हतं. हस्तांतरणापूर्वी बंदींची संपूर्ण केशसफाई करावी आणि नखे निर्मूळ करावीत, जेणेकरून सदस्य देशांत संसर्ग पसरणार नाही. खाली सहा सह्या. पाण्याच्या वाटपावर, तांदळाच्या व्यापारावर वीस वर्षं ज्यांचं जमलं नव्हतं, त्या सहा सरकारांचं या एका कागदावर एका बैठकीत एकमत झालं होतं.

वरच्या डेकवर टाळ्या वाजत होत्या. करार सचिवालयाचे उपसचिव विश्राम केळुसकर तोंड पुसत खाली आले तेव्हा त्यांच्या बोटांना तळलेल्या कोळंबीचा वास येत होता. त्यांनी दोन छापील अहवाल टेबलावर ठेवले. 'छळाच्या खुणा' या रकान्यात 'निरंक' हा शब्द आधीच छापलेला होता. फक्त दोघी डॉक्टरांच्या सह्या हव्या होत्या.

"वाचायला केसच नाहीत," सुनेत्रा म्हणाली.

"म्हणूनच निरंक. खोटं काय आहे त्यात?" केळुसकरांनी खुर्ची ओढली. मग त्यांनी आवाज खाली आणून समजावलं. परिशिष्ट सात नसतं तर एकाही सरकारने करारावर सही केली नसती. सही झाली नसती तर ही छत्तीस माणसं आज तुरुंगातच असती. पलीकडे अजून अठरा जण आहेत, आपल्याकडे एकवीस. पुढच्या महिन्यात त्यांची पाळी आहे. "तुम्हाला माणसं घरी यायला हवीत की तुमचं यंत्र चालायला हवं, ते ठरवा," ते म्हणाले आणि वर गेले. जाताना कोळंबी संपायच्या आत या, असंही त्यांनी सांगितलं.

सुनेत्राला त्यांची किळस आली. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं याची त्याहून जास्त आली.

वीस जणांत केशरीनाथ मेहेर नावाचा पन्नाशीचा माणूस होता. सुनेत्राचं आडनाव ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि तिचं गाव विचारलं. बंदर एकच निघालं. मग त्याने लेंग्याच्या नाडीत गुंडाळलेलं एक मण्यांचं कडं सोडवून दाखवलं. तुरुंगात मणी ओवायचं काम असे. लेकीसाठी म्हणून त्याने हे केलं, पण दोरा पुरला नाही. सव्वीस महिन्यांत केस खांद्याखाली आले होते. त्यातले गळालेले घेऊन, वळून, त्याने उरलेले मणी ओवले होते.

सुनेत्राने त्याला सगळं सांगितलं. या केसांत काय वाचता येतं तेही, आणि वाचलं तर पुढची अदलाबदल थांबू शकते तेही. मागे राहिलेल्या अठरा जणांत त्याचा साडू जगदीश होता. केशरीनाथने कडं तिच्या हातात ठेवलं.

"घरी कुणाला सांगणं माझ्याने होणार नाही, ताई," तो म्हणाला. "तुमचं यंत्र सांगत असेल तर सांगू दे."

तिने एक लांब केस अलगद सोडवून घेतला. आलेख पडद्यावर हळूहळू सरकत गेला. सव्वीस महिन्यांत एकोणीस वेळा आधी भीती चढली होती आणि मग दुखापत. शेवटच्या सहा खेपा बरोबर सात-सात दिवसांच्या अंतराने होत्या.

"गुरुवार," केशरीनाथ पडद्याकडे न बघता म्हणाला. "गुरुवारी मोठा साहेब सुट्टीवर असायचा."

नाहीद दारात उभ्या होत्या. आलेख त्यांच्या देशातल्या तुरुंगाचा होता. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मग टेबलाशी येऊन दोन्ही अहवालांवरचा 'निरंक' शब्द खोडला. काय लिहायचं ते दोघींनी मिळून ठरवलं. 'दोन्ही सरकारांनी बंदींचे केस व नखे काढून टाकल्यामुळे तपासणी करता आली नाही. जो एक केस मिळाला त्याचे वाचन सोबत जोडले आहे.' दोन्ही अहवालांवर दोघींनी सह्या केल्या. त्या करारातलं एवढंच काम दोन देशांनी खरोखर मिळून केलं, असं सुनेत्राला वाटलं.

वर कॅमेरे लागलेले होते, त्यामुळे छत्तीस माणसांना परत नेणं कुणाला शक्य नव्हतं. ती आपापल्या किनाऱ्याला लागली. अहवाल बाहेर फुटला, दोन दिवस गाजला. मग दोन्ही सरकारांनी एकाच दिवशी, जवळजवळ एकाच शब्दांत तो खोटा ठरवला. पुढची अदलाबदल तांत्रिक कारणास्तव लांबणीवर पडली. केसवाचक जहाजावरून उतरवला गेला. नाहीदचं पुढे काय झालं ते कळलं नाही. त्यांचा फोन लागेनासा झाला. सुनेत्राला कामावरून काढून टाकलं. तिने आपल्या गावच्या बंदराजवळ छोटा दवाखाना उघडला.

पाच महिन्यांनी एका सकाळी दवाखान्यात पुष्पलता आली. जगदीशची बायको, केशरीनाथच्या बायकोची धाकटी बहीण. औषध नको म्हणाली. उभीच राहिली. पलीकडच्या तुरुंगातून एक पत्र आलं होतं, ते तिने टेबलावर ठेवलं. जगदीशला ताप होता, असं त्यात होतं. पत्रात मृत्यूची तारीख होती आणि देह मिळण्यासाठी कुठे अर्ज करायचा त्याचा पत्ता होता.

ती तारीख गुरुवारची होती. सुनेत्राने पत्र दोनदा वाचलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे-जे सुचलं ते स्वतःच्या बचावाचं वाटलं, म्हणून तिने पत्राची घडी घालून ते परत दिलं.

पुष्पलता रागावलेली दिसत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भावजींना तुम्ही विचारलंत, आणि त्यांनी केस दिले," ती म्हणाली. "माझ्या माणसाला कुणी विचारलं होतं का?"