हौसाबयचं लुगडं

आधीच सांगते, हे खरं आहे. ज्यांना पटणार नसेल त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाचे लाइक नको आहेत.

८ डिसेंबर २०१२, शनिवार. संध्याकाळचे साडेसात. पनवेलजवळ पळस्पे फाट्याच्या पुढे एका रिसॉर्टच्या लॉनवर फॅशन शो होता.

अमावस्या नव्हती. कुत्रं रडत नव्हतं. चारशे माणसं होती आणि डोळे दिपतील एवढे लाइट.

त्या चारशे माणसांसमोर ते घडलं... आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी सुनंदा, कटिंग मास्टर. पंचवीस वर्षं कपडे कापतेय. तेव्हा कळंबोलीत परेश नावाच्या डिझायनरकडे कामाला होते. लोखंड बाजाराच्या मागे पत्र्याचा गाळा आणि दारावर झोकात इंग्रजी नाव. परेशला बटणाचं साधं काज करता येत नव्हतं. गॉगल डोक्यावर चढवून दिवसभर 'एनर्जी' आणि 'व्हाइब' एवढंच बोलायचा. बाकीचं सगळं आम्ही बायका करायचो.

त्या वर्षी त्याला खाडीवरच्या कोळणींचा शोध लागला. आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत, पण साहेबांना दिसलो तेव्हा. मग कलेक्शन ठरलं, फळीवर चित्रं चिकटवून मूडबोर्ड झाला.

आणि त्याची स्टाइल आयकॉन कोण? माझी आई.

आमच्यात आईला बय म्हणतात. हौसाबय. पनवेलच्या मासळी बाजारात चाळीस वर्षं बसली. गुडघ्यापर्यंत घट्ट आवळलेलं लुगडं, हातभर काचेच्या बांगड्या, डोक्यावर पाटी. ती चालायला लागली की माणसं बाजूला व्हायची. परेशने तिथे जाऊन एकदा तिचा फोटो काढला. बयने मासळीच्या बर्फाचं पाणी त्याच्या बुटांवर ओतलं.

"काय बगतंस? घ्याचा नाय तं हो बाजूला!"

हे तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. "काय ॲटिट्यूड आहे, सुनंदाताई!" म्हातारी त्याला हाकलत होती आणि याला त्यात ॲटिट्यूड दिसला.

मे महिन्यात बय गेली.

परेशने तोच फोटो माणसाएवढा करून गाळ्याच्या भिंतीवर लावला. मग म्हणाला, "ताई, मला त्यांचं खरं लुगडं हवंय. त्यातूनच ओपनिंगचा ड्रेस करू."

आमच्या घरात गेलेल्या बाईचं शेवटचं नेसलेलं लुगडं अख्खं खाडीत सोडतात. त्याला कात्री लावत नाहीत. बयने तिच्या आईचं तसंच सोडलं होतं. मी मात्र बयचं सोडलं नव्हतं. तिचा वास होता त्याला, म्हणून पेटीत ठेवलं होतं.

मी नाही म्हणाले.

"निशाला ओपनिंग देतो, रॅम्पवर पहिली तीच जाईल," परेश म्हणाला.

निशा माझी मुलगी. एकोणीस वर्षांची. उंच, सावळी, हट्टी. तिला मॉडेल व्हायचं होतं. मुंबईत तीन एजन्सींत जाऊन आली. तिघांनी तोंडावर सांगितलं, हा रंग चालणार नाही. तिसऱ्या वेळी घरी आली ती थेट पलंगाखालची फोटोंची फाइल काढून फाडायला बसली. ते माझ्याने बघवलं नाही.

मी लुगडं दिलं. कात्रीही मीच लावली. परेशला सरळ कापता कुठे येत होतं?

दुपारचे दोन वाजले होते. सगळ्या जेवायला गेल्या होत्या. मी पहिला काप घातला आणि...

आवाज थांबले.

पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नाही. बाहेर ट्रकमधून लोखंड उतरत होतं, तेही ऐकू येईना. नुसती शांतता. आणि माझ्या मागे...

काचेच्या बांगड्या.

वळून बघितलं. भिंतीवर फोटो. बाकी कुणी नाही.

मी कापत राहिले.

ड्रेस निशाच्या मापाने शिवला, कंबर सव्वीस. डमीवर चढवून घरी गेले. सकाळी बघते तर डमीवर नुसता लोंबत होता. टेप लावली.

कंबर चौतीस.

एक टीप उसवलेली नाही. कापड तेवढंच. मी उसवून परत शिवला. दुसऱ्या दिवशी परत चौतीस... आणि डावा खांदा एक इंच खाली.

हे माप मला पाठ होतं. बयच्या चोळ्या आयुष्यभर मीच शिवल्या.

परेशला सांगितलं. तो उड्या मारायचाच बाकी होता. "वॉव! ओव्हरसाइझ! असाच ठेवू."

असल्या माणसाला भूत भेटलं तर तो आधी त्याचा पॅटर्न मागेल.

शोच्या संध्याकाळी पडद्यामागे मी निशाला तो ड्रेस घातला. मूठभर टाचण्या तयार ठेवल्या होत्या. एकही लागली नाही. चौतीस कमरेचा ड्रेस माझ्या सव्वीस कमरेच्या पोरीला... अंगावर शिवल्यासारखा बसला.

"निशा, काढ तो."

"आई, वेडी आहेस का? आता?"

म्युझिक सुरू झालं. ती गेली.

चार पावलं शिकवल्यासारखी टाकली. मग म्युझिक बंद पडलं. साउंडवाला नंतर शपथेवर सांगत होता की बंद पडलंच नाही. मला मात्र फक्त बांगड्या ऐकू येत होत्या.

निशाच्या हातात एकही बांगडी नव्हती.

तिने सँडल भिरकावल्या. उजवा हात वर गेला, डोक्यावरची पाटी धरायला. डावा खांदा खाली आला. आणि ती चालली... ती चाल मी लहानपणी रोज बघितलेली, बाजाराला जाताना, बयच्या मागून पळत.

रॅम्पच्या टोकाला ती उकिडवी बसली. पहिल्या रांगेतल्या शेठाण्यांकडे एकेक करून बघितलं.

"काय बगतंस? घ्याचा नाय तं हो बाजूला!"

आवाज बयचा. ओरडून ओरडून बसलेला. माइक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

आणि ती चारशे माणसं उठून उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या. एक बाई डोळे टिपत "किती रॉ, किती अस्सल" करत होती. परेश माझ्या शेजारी आनंदाने रडत होता. मेलेल्या बाईने तोंडावर हाकललं आणि हे मूर्ख टाळ्या पिटत होते!

निशा आत आली. घामाने निथळत होती.

"आई, माझा नंबर कधी येणार?"

तिला काहीही आठवत नव्हतं.

ड्रेस मी त्याच रात्री खाडीत सोडला. परेशला सांगितलं, चोरीला गेला.

मग फोन सुरू झाले. रंग चालणार नाही म्हणणारेच आता ताई-ताई करत होते. सगळ्यांना ती चाल हवी होती. निशा शोचा व्हिडिओ लावून आरशासमोर तासन्‌तास सराव करायची. चाल जमायची नाही. नुसती नक्कल व्हायची. दोन ऑडिशनमधून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी माझ्या गळ्यात पडून रडली. "आई, त्यांना मी नकोय गं. आजी हवीय."

ते खरं होतं.

परवा दिल्लीच्या मोठ्या शोचा फोन आला. काल सकाळी मी चहा ठेवत होते. निशा मागे येऊन उभी राहिली.

"आई, आजीची अजून लुगडी आहेत?"

"नाहीत."

खोटं बोलले. पेटीत तळाशी आहेत. निशाला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही.

मग...

"दोन हायत."

माझी पोरगी नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळेत शिकली. ती असं बोलत नाही. मी गर्रकन वळले. निशा दाराला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, ओठ मिटलेले.

आवाज तिच्याकडून आलाच नव्हता. माझ्या कानाशी आला होता.

"काप गो सुनंदा. मना परत चालाचा हाय."

मला वाटत होतं, बय रागावलीय. मी तिचं लुगडं कापलं म्हणून, त्या लोकांसमोर तिला उभं केलं म्हणून. तसं काही नव्हतं. टाळ्या तिलाही आवडल्या होत्या. त्याच मूर्खांच्या टाळ्या.

शुक्रवारी दिल्लीला ऑडिशन आहे. पेटी मी अजून उघडलेली नाही. निशा कालपासून जेवलेली नाही, आणि मी तिची आई आहे.